दोन सिलिंडर हवा

असोद्यात रूपाकडे हवा भरून मिळते, असं कोणी सांगितलं की नवखा माणूस सायकल ढकलत तिच्या दारात येतो. एकदा एक जण ट्रॅक्टरचं मागचं चाक लोटत घेऊन आला होता, तेही ऐन उन्हात, पार गावाच्या दुसऱ्या टोकाहून. रूपा अशांना ओट्यावर बसवते, पाणी देते आणि सांगते, भाऊ, ही हवा चाकात भरायची नाही, ही माणसाच्या छातीत भरायची असते. तो बिचारा तिच्याकडे बघतो, पडवीतल्या यंत्राकडे बघतो आणि उरलेलं पाणी तसंच ठेवून चाक लोटत परत जातो. बाई चांगली आहे पण जरा फिरलेली आहे, असं घरी जाऊन सांगत असणार.

खानदेशात समुद्र नाही हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. पण समुद्र नाही म्हणून माणसं बुडायची थांबतात थोडीच? इथं साठ-साठ हातांच्या विहिरी आहेत, धरणं आहेत, तापी आहे, गिरणा आहे, आणि हायवेसाठी दगड काढून झाल्यावर तशाच सोडून दिलेल्या खाणी आहेत, ज्यांच्यात पावसाचं पाणी साचून तळ दिसत नाही. त्यात पडणाऱ्याला वर काढायला कोणीतरी लागतं. असोद्याच्या आसपास तो कोणीतरी म्हणजे रूपाचा नवरा, अमृत.

अमृतचं मूळ काम विहिरीतल्या मोटरी काढण्याचं. मोटर तुटून पडली, पाईप निसटला, की लोक त्याला बोलवायचे. तो कमरेला दोर बांधून, छाती भरून खाली जायचा आणि दोन-दोन मिनिटं वर यायचा नाही. काठावरच्या लोकांचा जीव खालीवर व्हायचा, हा आपला खाली बसून नटबोल्ट चाचपत असायचा. मोटरीसाठी तो मजुरी घ्यायचा. माणूस काढला तर काही घ्यायचा नाही, त्या घरचा चहासुद्धा नाही. हा नियम त्याच्या बापाचा, उखर्डूचा. आणि माणूस काढायचा म्हणजे मेलेलाच. जिवंत माणसासाठी अमृतला बोलवायला कधी कोणाला वेळच मिळाला नाही.

हवेचं प्रकरण सुरू झालं ते जळगावच्या निर्मलकुमार शेठमुळे. दाणाबाजारात त्यांची पेढी. त्यांचा पुतण्या अखिल मित्रांबरोबर धरणावर गेला आणि परत आला नाही. अमृतला बोलावलं. धरणाचं पाणी विहिरीसारखं नसतं. तिथं खोली फार, आणि गाळ इतका की स्वतःचा हात दिसत नाही. अमृत दोन दिवस बुड्या मारत राहिला. दर बुडीला दोन मिनिटं, त्यातली दीड मिनिटं जाण्यायेण्यात. शेठ पांढऱ्या कपड्यात काठावर बसून होते. तिसऱ्या दिवशी सकाळी पोरगा आपोआप वर आला, अमृतने जिथं शोधलं होतं तिथून वीस हातांवर.

त्यानंतर चार महिन्यांनी शेठचा टेम्पो असोद्यात उभा राहिला. त्यात हवेचे दोन सिलिंडर होते, पाण्यात श्वास घ्यायच्या नळ्या होत्या आणि सिलिंडर भरायचा एक जुना कंप्रेसर होता, गोव्याहून आणलेला. मधल्या काळात शेठनी अमृतला पंधरा दिवस मालवणला पाठवून ते सगळं शिकवूनही आणलं होतं. सिलिंडर भरायचं सगळ्यात जवळचं ठिकाण मुंबई, म्हणून यंत्र घरीच हवं असा त्यांचा हिशेब. यंत्र अमृतपेक्षा वजनदार होतं. ते ठेवायला बकऱ्यांची जागा रिकामी करावी लागली. नाकापेक्षा मोती जड, असं अमृतची आई झुंबरबाई म्हणाली, आणि बकऱ्यांकडे बघून तिचे डोळे भरून आले.

यंत्राबरोबर गोव्याचा एक मिस्त्री तीन दिवस राहिला. तो शिकवायला बसला की अमृत पाच मिनिटांत उठून जायचा. अमृतचा धीर सगळा पाण्यात, कोरड्या जमिनीवर त्याच्यात तो नावाला नाही. शिकली ती रूपा.

रूपाचं माहेर सोनगीर. किल्ल्याखालच्या गल्लीत तांब्या-पितळेची भांडी घडवणाऱ्यांचे कारखाने होते, त्यातल्या एकात तिचा बाप भाता ओढायचा. रूपा लहानपणी त्याची भाकर घेऊन जायची ती दुपार तिथंच काढायची. हवा कशी दाबली की कशी जाते, कातडं कुठं फाटलं की आवाज कसा बदलतो, हे तिला अक्षरओळखीच्या आधी कळलं. बाप तिला विस्तवाची पारख शिकवायचा. धूर करतो तो कच्चा कोळसा, त्याने भांडं काळवंडतं. लाल होतो आणि धूर सोडत नाही तो विस्तव निर्मळ. रूपाने हे ज्ञान आयुष्यभर जपलं. भाकरीपासून भरतापर्यंत तिला ते कधी दगा देऊन गेलं नव्हतं.

मिस्त्रीने सांगितलेलं सगळं तिने चुन्याने भिंतीवर लिहून ठेवलं, कारण वही झुंबरबाई चुलीत घालते. यंत्र किती तास चाललं त्याच्या रेघा. तेल कधी बदललं त्याची तारीख. तेलही साधं नव्हे, पंक्चरच्या दुकानातलं तर नव्हेच. दर दहा मिनिटांनी खालचे दोन नळ उघडायचे, म्हणजे हवेतून पिळून निघालेलं पाणी फस्सकन बाहेर येतं. ते नाही काढलं तर सिलिंडर आतून गंजतो. भरताना सिलिंडर पाण्याच्या टाकीत उभा ठेवायचा, कारण हवा दाबली की तो तापतो. दाबाचा काटा दोनशेवर आला की थांबायचं, एका सिलिंडरला पंचवीस मिनिटं लागतात. गावात व्होल्टेज इतकं पडतं की मोटर कण्हायला लागते, मग रूपा घरातले दिवे, पंखा, टीव्ही सगळं बंद करते आणि शेजारच्या कमलबाईलाही दळण थांबवायला लावते. गाळणीत काळ्या कोळशाची पूड आणि पांढरे दाणे असतात. वास ओढायचं काम कोळशाचं, ओल ओढायचं दाण्यांचं. ती गाळणी शेठ दरवर्षी अखिलच्या तिथीला न चुकता पाठवतात.

हवा भरून महिना झाला की रूपा ती सोडून देते आणि नवी भरते. शिळी भाकर चालेल, शिळी हवा चालणार नाही, असं तिचं म्हणणं. हे मिस्त्रीने सांगितलं नव्हतं, तिने स्वतःच ठरवलं होतं.

सगळ्यात जास्त डोकं तिने लावलं ते यंत्र हवा ओढतं त्या पाईपावर. आत जाईल तेच अमृतच्या छातीत जाणार, एवढं तिला पक्कं कळलं होतं. पहिल्यांदा पाईपाचं तोंड रस्त्याकडे होतं, पण तिथून दिवसभर केळीचे ट्रक धूर सोडत जातात. मग पाईप पत्र्यावर नेला, तो वानरांनी तोडला. पुन्हा नेला, पुन्हा तोडला. शेवटी तिने तो मागच्या बोळात काढला. तिचं घर आणि कमलबाईचं घर यांच्यामधला तो बोळ हातभर रुंद, तिथं गाडी नाही की वानर नाही. पाईपाच्या तोंडाला धुतलेलं मलमल बांधलं. मिस्त्री निघताना फोनवर शेठना म्हणाला होता की विषारी हवा तपासायची एक काचेची नळी मिळते, ती घ्या. शेठनी विचारलं, गरज आहे का? तो म्हणाला, पेट्रोलवर चालणाऱ्या यंत्राला लागतेच, तुमचं विजेचं आहे, फक्त धूर येता कामा नये.

धूर येता कामा नये. रूपाने हे वाक्य असं धरलं की गल्ली त्रासली. यंत्र सुरू करायच्या आधी ती घरोघर फिरून चुली विझवायला लावायची. बिडी ओढणाऱ्या म्हाताऱ्यांना कोपऱ्यापलीकडे हाकलायची. हवावाली निघाली, असं म्हणून लोक हसायचे, आणि विझवायचेही. कारण अमृत कधी कोणाच्या पोरासाठी पाण्यात उतरेल याचा नेम नाही, हे हसणाऱ्यालाही माहीत होतं.

आणि रूपाला हे सगळं आवडायचं, हेही खरं सांगायला हवं. अमृत विहिरीत जायचा तेव्हाची पंधरा वर्षं ती नुसती घरी बसून राहिलेली. तो खाली, आणि हिच्या हातात काही नाही. आता निदान त्याचा श्वास ती स्वतः भरून देत होती. सिलिंडर भरला की ती त्याचं तोंड उघडून हवा हुंगायची, नळी तोंडात धरून तीन श्वास घ्यायची, मगच झाकण लावायची. सहा वर्षांत त्या हवेवर अमृतने अकरा जण काढले. अकराही मेलेले. पण अमृत अकराही वेळा वर आला.

परवाच्या जानेवारीतली गोष्ट. थंडी अशी की बादलीतलं पाणी हाताला चावायचं. सकाळी आठला फोन आला, सोनगीरजवळच्या खाणीत कालपासून एक एकोणीस वर्षांचा पोरगा आहे. खाणीतल्या पाण्यावर शेतकऱ्यांनी मोटर बसवली होती, तिच्या पाईपाच्या बुडाचा फूटवॉल्व मोकळा करायला तो उतरला आणि पाय घसरला. पाणी साठ फूट. गळ टाकून झाले, हाती काही आलं नाही.

रूपाने नेमकी आदल्या दिवशी शिळी हवा सोडून दिली होती. दोन्ही सिलिंडर रिकामे. तासाभरात भरायला हवे होते, कारण पारोळ्यावरून धुळं आणि पुढं सोनगीर, म्हणजे पावणेतीन तास सहज जातात आणि हिवाळ्याचा दिवस लवकर कलतो.

आणि त्याच सकाळी कमलबाईकडे भरताचा बेत होता. मुंबईचे पाहुणे आलेले, त्यांना असोद्याची वांगी खाऊ घालायची म्हणून पहाटेपासून अंगणात कपाशीच्या पऱ्हाट्या पेटवलेल्या, खाली बाभळीची लाकडं. रूपा गेली तेव्हा वांगी भाजून झाली होती, पण धूर अजून रेंगाळत होता. तिने कारण सांगितलं. कमलबाई म्हणाली, "सोनगीरचं पोर हाये म्हणते तर विझव माय. तुह्या माहेरचं हाये." पाहुण्यांनीही मान डोलावली. धूर पूर्ण बसेपर्यंत रूपा कंबरेवर हात ठेवून तिथं उभी राहिली. खाली बाभळीचे निखारे राहिले, लालभडक, धुराचा दोराही नाही. पाणी टाकलं असतं तर पुन्हा धूर झाला असता, आणि इतका सुरेख विस्तव वाया गेला असता.

झुंबरबाई थंडीने कुडकुडत होती. म्हातारीची हिवाळ्यातली बसायची जागा म्हणजे तोच मागचा बोळ, तिथं वारा लागत नाही म्हणून. रूपानेच तिला बोळाच्या दोन्ही तोंडांना गोणपाटं बांधून दिली होती. रूपाने घमेलं घेतलं, निखारे भरले, नीट बघून घेतलं की एकही लाकूड धुमसत नाही, आणि घमेलं सासूच्या पायाशी नेऊन ठेवलं. म्हातारीने हात पसरले. मग रूपा पडवीत आली आणि तिने यंत्र सुरू केलं.

दर दहा मिनिटांनी तिने नळ उघडले. काट्यावरून नजर काढली नाही. दोन्ही सिलिंडर दोनशेला आले. तिने हवा हुंगली, कसलाही वास नव्हता. तीन-तीन श्वास घेतले, चव नव्हती. झाकणं लावली. अमृतबरोबर दोर धरायला त्याच्या चुलत्याचा मुलगा हितेंद्र जातो, तो जीप घेऊन आला. दहाच्या आत दोघं निघाले. निघताना अमृतने कमलबाईकडचं भरीत-भाकर फडक्यात बांधून घेतलं.

साडेदहाला अंगणात ऊन आलं तशी झुंबरबाई बोळातून बाहेर आली आणि येऊन आडवी झाली. रूपाला वाटलं, थंडी बाधली. तिने आलं घालून चहा दिला, तो म्हातारीने ठेवून दिला. दुपारी तिला उलटी झाली. कमलबाई म्हणाली, भरतात तेल जास्त पडलं असेल. पण झुंबरबाईने भरीत चाखलंही नव्हतं.

"रूपे, डोकं लय जड झालं व," म्हातारी म्हणाली. "आता जरा बरं हाये. बोळात होती तवा तर भिंती फिरून राह्यल्या होत्या."

रूपा तिचं कपाळ दाबत होती. दाबता दाबता तिचा हात थांबला. मागच्या हिवाळ्यात जळगावच्या औद्योगिक वसाहतीत दोन रखवालदार खोलीत शेगडी घेऊन झोपले होते आणि सकाळी उठलेच नाहीत. दार तोडून त्यांना बाहेर काढायला अमृतच गेला होता, कारण मेलेल्याला हात लावायचा तर बोलवा अमृतला, असं आता झालेलंच होतं. घरी येऊन तो सांगत होता की खोलीत धूर काही नव्हता, भिंतीसुद्धा काळ्या नव्हत्या, नुसती राख.

ती उठून बोळात गेली. गोणपाट बाजूला केलं. घमेल्यात राख होती, ती अजून कोमट होती. आणि घमेल्याच्या बरोबर वर, दीड हातावर, मलमल बांधलेलं पाईपाचं तोंड होतं.

तिथं तिला सगळं एकदम कळलं. वास कोळशाची पूड खाते, विष खात नाही. वास नाही म्हणून हवा चांगली, धूर नाही म्हणून विस्तव निर्मळ, असं मानून तिने बोळातलं विष ओढलं होतं, दाबलं होतं, दोनशेच्या काट्यापर्यंत कोंबलं होतं. शत्रूने केलं नसतं ते तिने जीव लावून केलं होतं. ती धावत घरात आली.

सव्वा वाजला होता. तिने अमृतला फोन लावला. वाजून बंद झाला. हितेंद्रला लावला. तोही वाजून बंद झाला. पुन्हा लावला. फोन कुठं वाजतायत हे तिला पक्कं माहीत होतं, जीपच्या पुढच्या सीटवर. एकदा गिरणेवर हितेंद्र एका हातात दोर आणि एका हातात फोन घेऊन बायकोशी बोलत बसला होता, तेव्हा रूपाने त्याला असं झापलं होतं की त्या दिवसापासून अमृत पाण्यात असेपर्यंत दोघांचे फोन जीपमध्ये राहतात. नियम तिचाच होता. आणि फोन उचलला जात नाही, याचा अर्थ अमृत पाण्यात आहे.

तिने सोनगीरला भावाला, झुलालला, लावला. झुलाल धुळ्याच्या बाजारात होता.

"आते निंघस मी," तो म्हणाला. "अर्धा घंटा लागी."

शेठना लावला. शेठनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ती नळी मीच नको म्हटली होती, रूपाताई." त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, पण त्या घडीला ते घेऊन रूपाने काय करायचं? शेठ म्हणाले, धुळ्यात माझ्या ओळखीचे आहेत, पाठवतो कोणाला तरी. ते तरी दुसरं काय करणार होते, शंभर किलोमीटरवर गादीवर बसून?

एक सिलिंडर साधारण चाळीस मिनिटं पुरतो. तो कधी उतरला हे तिला माहीत नव्हतं. वर साध्या हवेत जे विष डोकं जड करतं, ते साठ फुटांवर, दाबाखाली, तिप्पट होतं. हे तिला मिस्त्रीनेच शिकवलं होतं, पाण्याविषयी बोलताना. तिने तेही भिंतीवर लिहिलं होतं. ती फोन लावत राहिली. झुंबरबाई आतून विचारत होती, कोणाला लावतेस, काय झालं. घर पुढे होतं, यंत्र पुढे होतं, हात रिकामे होते, आणि यातलं एकही उपयोगाचं नव्हतं. असोद्याहून सोनगीरपर्यंत तिची नजर पोचत नव्हती, हाक पोचत नव्हती, पोचली होती फक्त तिने भरलेली हवा.

पावणेदोनला फोन आला. हितेंद्रचा.

"वहिनी, दादा वर आलेत," तो म्हणाला. "उलटी झाली त्याईले. डोकं धरून बसलेत दगडावर. इतके फोन काहून केले तुम्ही?"

रूपाला रडू आलं आणि तिने ते आवरलं नाही. मग तिने सांगितलं, एका दमात, की दोन्ही सिलिंडरमधली हवा विषारी आहे, दादांना पाण्याला शिवू देऊ नकोस, दुसऱ्या सिलिंडरला हात लावू देऊ नकोस, उघड्यावर बसव आणि तसंच धुळ्याच्या दवाखान्यात ने. मग फोन अमृतने घेतला. त्याचा आवाज जड येत होता, दारू प्यायल्यासारखा.

"रूपा, पोराचा हात धरला होता म्या," तो म्हणाला. "पाईपात अडकलेला हाये. पाय तेवढा सोडवायचा. दहा मिनिटाचं काम."

"नका जाऊ."

"काठावर माय बसली हाये त्याची. सांगून बसलो मी तिला, सापडला म्हणून."

"तुम्ही गेले तर तिथंच राहाल," रूपा म्हणाली. "मी भरेल हवा हाये ती. मी सांगून राह्यली, नका जाऊ."

अमृत त्या कामात कधी कोणाचं ऐकत नाही. पण ज्या हवेवर तो सहा वर्षं डोळे मिटून गेला, ती हवा भरणारीच नाही म्हणत होती. त्याने पलीकडे कोणाला तरी सांगितलं, घरची बाई नाही म्हणते. फोन कोणाच्या तरी हातात गेला. बायकांचा गलका आला, मग एकच आवाज, अगदी जवळून. बोली सोनगीरची होती, रूपाच्या आईची, तिच्या गल्लीची. बावीस वर्षं असोद्यात राहून रूपाच्या जिभेवरून ती अर्धी उतरली होती.

"अक्का, मी सुमनबाई. पोऱ्या मना शे."

ती त्या पोराची आई होती.

"तुना माणूसनी हात धरेल व्हता त्याना," सुमनबाई म्हणाली. ती रडत नव्हती, समजावून सांगत होती, दुकानात एखाद्याला नड सांगावी तशी. "सापडेल शे तो. कालदिनपाईन पानीमा शे. एकदाव जाऊ दे त्यासले. दहाच मिनिट. त्या म्हनतस, घरनी बाई नही म्हनस. तू हा म्हन."

"माय," रूपा म्हणाली, आणि तिचीही बोली आपोआप माहेरची झाली, "ती हवा मी भरेल शे. मनी चूक व्हयनी. ती हवामा जहर शे. आते त्या उतरनात ते वर येवानं नही."

रूपाला वाटलं, आता शिव्या येतील. आल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं. तिने घाईघाईने सांगितलं की उद्या पहाटे ती नवी हवा भरेल, पाईप पत्र्यावर नेईल, स्वतः घेऊन येईल. पण दुसऱ्या दिवशी डॉक्टर अमृतला उठू देणार नव्हते, आणि त्या हवेवर खाली जाणारा दुसरा माणूस दोन जिल्ह्यांत नव्हता. पोरगा तिसऱ्या दिवशी फुगून पाईपातून सुटला आणि आपसूक वर आला. रूपाने भरलेल्या चांगल्या हवेला कोणी तोंड लावलं नाही. पण हे पुढचं झालं. त्या घडीला सुमनबाईला एवढंच कळलं होतं की आज तिचा मुलगा बाहेर येणार नाही.

"आखो एक रात," ती म्हणाली.

मग तिने खोल श्वास घेतला. तो रूपाला ऐकू आला.

"तुना माणूस वर शे, माय," सुमनबाई म्हणाली. "त्याले घर ली जाय. मना खालेच शे."